रिकाम्या खाटेची ऊब

अंतर: एक भिंत

भिंतीच्या या बाजूला जयवंत मोगल आणि त्याचा उजवा पाय. पलीकडे त्याची बायको उज्ज्वला आणि तिच्या फुप्फुसातला ठिपका. भिंतीत पूर्वी एक खिडकी होती. ती उज्ज्वलानं गवंडी बोलावून बुजवून घेतली. हॉस्पिटलनं सांगितलं होतं, दोघांनी एका खोलीत झोपायचं नाही. खिडकीबद्दल कोणी काही म्हणालं नव्हतं. पण तिला वाटलं, उगाच कशाला.

दिवेलागणीला तो भिंतीशी बोलतो.

"काय करतेस?"

"तुमच्या नावानं खडे फोडतेय."

"किती झाले?"

"ढीग बाकी आहे. तुम्ही पाय वर ठेवलाय का?"

"ठेवलाय."

"खोटं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आत्ता."

तो पाय वर ठेवतो. लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेली, भांडणं झाली, कोर्टात जायची भाषा एकदा झाली, पण वेगवेगळ्या खोल्यांत झोपायची वेळ कधी आली नव्हती. आता त्याला नीट झोप येत नाही. कूस बदलतो. पुन्हा बदलतो. पलीकडे तीही तेच करते. तिच्या खाटेचे नटबोल्ट सैल आहेत, सगळं ऐकू येतं.


अंतर: केसाचा हजारावा भाग

एक कण. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारभर ओळीनं मावतील. मध्ये लोखंडाचा गाभा, भोवती चरबीचं पातळ कवच, कवचावर बारीक आकडे. शरीरात जिथं नवी रक्तवाहिनी फुटू पाहते, तिथल्या पेशींना हे आकडे जाऊन अडकतात. कवचात दोन कप्पे. एका कप्प्यातलं औषध रक्तवाहिनीला म्हणतं, वाढ, फांदी काढ. दुसऱ्यातलं म्हणतं, थांब, आटून जा. कोणता कप्पा उघडायचा ते बाहेरून ठरतं. अंगाखाली एक मॅट अंथरायची. मॅटमधल्या तारांच्या वेटोळ्यांतून चुंबकाचा ठेका निघतो. एका ठेक्याला एक कप्पा किलकिला होतो, दुसऱ्या ठेक्याला दुसरा.

मधुमेहानं जयवंतच्या पावलातल्या बारीक वाहिन्या मेल्या होत्या. बागेत तार रुतली, जखम झाली, ती भरेना. भरणार कशी, तिथवर रक्तच पोचत नव्हतं. त्याला पहिला ठेका.

उज्ज्वलाची डावी किडनी गाठीसकट काढली होती. पण गाठीचा एक कण निसटून फुप्फुसात जाऊन बसला. मोहरीएवढी गाठ आसपास झिरपतं तेवढ्यावर जगते. तिला मोठं व्हायचं असेल तर स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या ती मागून घेते. शेजारच्या वाहिन्यांना हाका मारते, त्या वळतात. उज्ज्वलाला दुसरा ठेका.

हे सगळं त्यांना नाशिकला डॉ. सबा इनामदारनं समजावलं होतं. वयानं त्यांच्या मुलाएवढी, बोलायला फटकळ.

"नवा प्लॉट लावता तेव्हा आधी काय नेता तिथं?"

"ड्रिपची नळी," जयवंत म्हणाला.

"तुमच्या पायाला नळी न्यायची आहे. काकूंच्या गाठीची नळी तोडायची आहे."

"आणि औषध दोघांना एकच?"

"कण एकच. दोन वेगळे कण बनवायचे तर दुप्पट खर्च. एकच बनवला म्हणून तर मुंबईला न जाता इथं मिळतोय तुम्हाला."

गावात त्या कणांना मांडूळ म्हणू लागले होते, दोन तोंडांचा साप. बाजारात माणसं सहज विचारायची, काय, सोडलं का मांडूळ अंगात?

अडचण इतकीच की मांडळाला मॅट कोणाची ते कळत नाही. जवळची मॅट जो ठेका धरेल, तो ते ऐकतं.


अंतर: द्राक्षाच्या दोन ओळी

जयवंतला बागेत उतरायला बंदी. तो बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आणि ओरडतो. उज्ज्वला ओळीतून चालते आणि ऐकत नाही.

"त्या काडीचा शेंडा बघ."

"बघितला."

"नुसतं बघितला म्हणतेस."

"तुम्ही शेतकरी की क्रिकेटचे कॉमेंटेटर?"

दिवाळीच्या आधीची छाटणी ही वर्षाचं पीक ठरवणारी छाटणी. प्रत्येक काडीवर कितव्या डोळ्याशी, म्हणजे कोंबाशी, कात्री लावायची, हे वेलीवेलीला वेगळं असतं, आणि या बागेत ते उज्ज्वलाला कळतं. मजुरांची टोळी येते, ती पुढं चालते, काडीला बोट लावत जाते, मागून कात्र्या चालतात. जयवंतकडे औषधं, माल, व्यापारी. भांडणही त्याच्याचकडे.

मॅटला शेतीची तीन फेजची लाईन लागे, घरच्या इन्व्हर्टरवर ती चालत नसे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यातही जाऊन-येऊन. लाईट गेली की मॅटचं सेशन अर्धवट. परत आली की उठा, पावलाचा पट्टा बांधा, बटण दाबा. पट्टा नीट बांधलेला नसेल तर मॅट सुरूच व्हायची नाही.

आता या भागात कोणाही बागायतदाराला विचारा, लाईट आली की विहिरीवर कोण धावतं? कोणी नाही. स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली, मोटार आपोआप चालू. ऑटो नसलेली मोटार म्हणजे आळशी माणसाची मोटार, असं जयवंतचे वडील म्हणायचे. त्यानं काही दिवस कळ काढली. मग एका सकाळी अडगळीतला जुना ऑटो पुसून घेतला, मॅटच्या पेटीचं झाकण उघडून तो बसवला, पट्टा तपासणारी वायर तोडून परस्पर जोडून टाकली.

"दवाखान्यात विचारलंत का?" उज्ज्वला चहा देताना म्हणाली. मॅट तेव्हा बंद होती, म्हणून ती दारात उभी.

"मोटार रिवाइंड करताना कंपनीला विचारतो का आपण?"

"ही काय मोटार आहे?"

"तांब्याची तारच आहे आत. दुसरं काय आहे."

ती हसली. तिला ते पटलं होतं, ही गोष्ट खरी. अर्ध्या झोपेत, दुखऱ्या पायानं उठणारा नवरा भिंतीपलीकडे तिला रोज ऐकू यायचा.

आणि पाय भरू लागला. काळपट जखमेच्या कडेला लाली आली. पहिल्यांदा टाच दुखली तेव्हा जयवंत एवढा खूश झाला की त्यानं पुण्याला मुलाला, तन्मयला, फोन करून सांगितलं, "दुखतंय रे, चांगलं दुखतंय."


अंतर: काही नाही

दुपारचं जेवण झालं की जयवंत रिक्षा करून पॅकहाऊसला जातो. घरात कोणी नाही. उज्ज्वला भांडी पालथी घालते, हात पुसते, आपल्या खोलीकडे निघते आणि त्याच्या खोलीत जाते.

हे तिनं कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं तरी काय आहे. नवऱ्याच्या खाटेवर पडते, इतकंच. नियम एका खोलीत झोपू नये असा आहे आणि तो तर इथं नाहीये. मॅट गादीखाली अंथरलेली, सकाळचं सेशन झालेलं, बंद. उशीला तेलाचा आणि मलमाचा वास. कूलर घरघरतो. ती त्याच्या खळग्यात झोपते, जिथं गादी त्याच्या वजनानं दबली आहे. गादी उबदार असते. तिला वाटतं, माणूस उठून गेला तरी ऊब राहते.

या खाटेवर तिला झोप लागते. फक्त इथंच लागते.


अंतर: डॉक्टरांचं टेबल

पडद्यावर तिचं फुप्फुस. ठिपका आता ठिपका नव्हता. भोवती रेघा होत्या, बारीक, वळणावळणाच्या, सगळ्या एकाच दिशेनं निघालेल्या.

सबानं चित्र आणखी मोठं केलं. मग म्हणाली, "काकू, तुमची मॅट बरोबर चालतेय. मी तपासली. पण तुमचे कण दुसऱ्या कोणाचं तरी ऐकताहेत. या वाहिन्या नव्या आहेत आणि जोमात आहेत. गाठ पोसली जातेय."

"म्हणजे?"

"म्हणजे वाढीचा ठेका मिळालाय तिला. रोज, तासन्‌तास. तुम्ही दोघं एका खोलीत झोपता का?"

"नाही," जयवंत म्हणाला. "खिडकीसुद्धा बुजवलीय."

"त्यांच्या मॅटवर कधी झोपता?"

उज्ज्वलानं त्या पोरीकडे पाहिलं. मुलाच्या वयाची. बाजूला नवरा बसलेला. पन्नाशीच्या बाईनं काय सांगायचं, की नवरा बाहेर गेला की मी त्याच्या अंथरुणात जाऊन पडते? आणि मॅट तर बंदच असते.

"नाही," ती म्हणाली.

परतताना गाडीत तिनं तीनदा काच खाली केली, वर केली. जयवंत म्हणाला, काय चाललंय. ती म्हणाली, गरम होतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या खोलीत गेली, पण पडली नाही. खाटेच्या कडेला बसून राहिली. मध्येच लाईट गेली, कूलर थांबला. ती हातानं चादरीच्या सुरकुत्या काढत बसली. मग लाईट आली. बाहेर विहिरीवरची मोटार ठक्‌ करून सुरू झाली, आणि तिच्या तळहाताखाली गादी थरथरली. कूलरच्या आवाजात ऐकू न येणारी, एरवी जाणवलीही नसती इतकी बारीक थरथर. तिनं हात तसाच ठेवला. हळूहळू गादी कोमट झाली.

ती कोणाचीच ऊब नव्हती.


अंतर: एक चहाचा कप

तिनं सांगितलं. सगळं, भराभर, त्याच्याकडे न बघता.

जयवंत उठला, मॅटपाशी गेला, ऑटो ओढून काढला. वायरींसकट. मग तो हातात घेऊन उभा राहिला, कुठं ठेवावा ते न सुचल्यासारखा.

"तू तिथं झोपायचीस कशाला?"

"तुम्ही ऑटो लावला कशाला?"

चहावर साय धरली.

"आठवण यायची," ती म्हणाली.

"मी भिंतीपलीकडे तर होतो."

"भिंतीला काही वास असतो का माणसाचा."

त्याला खाली बसायला जागा सापडेना. खाट समोरच होती, पण तो तिच्यावर बसला नाही. तो जमिनीवर बसला, पाय पुढे करून. जखमेवरची नवी कातडी गुलाबी, लहान मुलाच्या गालासारखी. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.


अंतर: एक फिडर

"आता मॅटनं भागणार नाही," सबा म्हणाली. "काकूंना कमान लावावी लागेल. छातीभोवती, मोठी, रोज आठ तास. तिचा थांबवायचा ठेका घरभर जाईल. नुसता हवेतून नाही, वायरिंगमधूनही पसरतो. काकांच्या पायातल्या नव्या वाहिन्या महिनाभरात आटतील."

"मी गोठ्यात राहतो."

"घराचा आणि गोठ्याचा डीपी, ट्रान्सफॉर्मर, एकच ना?"

"एकच."

"मग नाही. खरं तर सबस्टेशनवरून येणारी लाईन, फिडरच वेगळा हवा."

फिडर वेगळा म्हणजे गाव वेगळं, हे जयवंतला लगेच कळलं. त्याचे दोन्ही भाऊ, चुलते, सगळे याच फिडरवर. तन्मय पुण्यात, पण त्याच्या सोसायटीत मॅटला मनाई होती. लिफ्टपाशी पाटीच लावली होती. शेजारच्या फ्लॅटमधल्या कोणाच्या अंगात मांडूळ आहे, हे कोण सांगणार?

जयवंत थोडा पुढे झुकला. आवाज खाली आणला, जणू शेजारी बसलेल्या उज्ज्वलाला ऐकू जाणार नाही.

"मॅडम, माझा पाय काढून टाका. गुडघ्याखाली. मग माझी मॅटच नको. हिची कमान खुशाल चालू द्या."

सबानं उत्तर देण्याआधी उज्ज्वला बोलली.

"काढा ना. आणि मग मी काय करू? एका बाजूला कमान, दुसऱ्या बाजूला तुमची कुबडी. बाग कोण बघणार, ती खुर्ची?"

"तुझ्यासाठीच म्हणतोय."

"मला विचारून म्हणताय का? ऑटो लावताना विचारलं नाही, आताही नाही. तुमचं आपलं, लाईट आली की चालू."

सबानं मान खाली घालून पेन शोधायचं नाटक केलं.

घरी येईपर्यंत उज्ज्वलाच्या भावाचा, प्रमोदचा, फोन आलाच. तो चांदवडच्या पुढं राहतो. त्याला तन्मयनं कळवलं होतं.

"दाजी, ताईला घेऊन जातो उद्या. वरची खोली रिकामीच आहे. वर्ष लागू दे, दोन लागू दे. माहेर आहे तिचं."

जयवंत हो म्हणत होता. सगळ्यांनी तसंच गृहीत धरलं होतं, बाई आजारी, बाई माहेरी. उज्ज्वलानं फोन त्याच्या हातातून घेतला.

"प्रमोद, खोली झाडून ठेव. हे येतील."

"कोण?"

"तुझे दाजी. मी छाटणी सोडून कुठं येऊ?"

फोन ठेवल्यावर जयवंत बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिला. पाय टेकवू नये हेही विसरला.

"जावई दोन दिवस जातो सासरवाडीला. तिसऱ्या दिवशी कुत्रंसुद्धा ओळख देत नाही. आणि तू म्हणतेस वर्षभर."

"मी इथं कशी आले होते? किती दिवसांसाठी?"

तो थांबला.

"ते वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

त्यानं दोन-तीन वाक्यं सुरू केली. बायकांचं. रीत आहे ती. लोक काय...

"लोकांना म्हणू द्या," ती म्हणाली. "गाठ लोकांच्या छातीत नाही."


अंतर: दोन तालुके

पिकअपमधून मॅट उतरवली, गादी उतरवली, एक बॅग उतरवली. प्रमोदची बायको हेमा दारात पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती.

"थांबा दाजी. माहेरी आलेलं माणूस असं आत येत नाही." तिनं तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, जखमेचा पाय जपून वगळला. प्रमोद मागं उभा राहून गालातल्या गालात हसत होता. जयवंतला कुठं बघावं कळेना.

पहिले दिवस त्याला काहीच सापडत नव्हतं. कप कुठल्या फळीवर, बाथरूमचा दिवा कुठल्या बटणावर. टीव्ही लावायच्या आधी तो घसा खाकरायचा. भूक लागली तरी कोणी हाक मारेपर्यंत वरच्या खोलीत बसून राहायचा. भाजीत शेंगदाण्याचं कूट जास्त असायचं, ते त्याला आवडत नव्हतं, आणि हे सांगायचं कसं ते माहीत नव्हतं. त्याच्या घरी उज्ज्वलानं पहिल्या वर्षी काय खाल्लं असेल? त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता विचारायचं तर फोनवर, आणि फोनवर ती छाटणीचंच बोलायची.

कपडे बॅगेतच होते. रोज सकाळी त्यातून एक शर्ट काढायचा, संध्याकाळी वाळलेला घडी करून परत बॅगेत ठेवायचा, चेन ओढून घ्यायची.

पायाची करंगळी गेली. तेवढी वाचली नाही. बाकीचं पाऊल भरत आलं, आणि हिवाळा संपता संपता तो काठीशिवाय जिना उतरू लागला. उतरायचा आणि अंगणात उभा राहायचा. पुन्हा वर. पुन्हा खाली. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी कंपाउंडवरून विचारलं, "राहणार का थोडे दिवस?" तो म्हणाला, "बघू." दोन दिवसांनी त्यांनी तेच विचारलं आणि त्यानं तेच सांगितलं.

मग एका सकाळी उज्ज्वलाचा फोन.

"स्कॅन झालं. रेघा कमी झाल्यात, सबा म्हणाली. काही आटल्यात, काही तशाच आहेत. गाठ वाढली नाही, पण गेलेलीही नाही. कमान अजून वर्षभर तरी म्हणाली."

"बरं."

"पाय?"

"जिना चढतो, उतरतो."

"आवाज येतोय मला, आत्ताही फेऱ्या मारताय." थोडं थांबून ती म्हणाली, "ऐका ना. परवा पहिला माल उतरतोय. मी दोन दिवस कमान बंद ठेवते. सबाला विचारलं नाहीये, पण दोन दिवसांनी काय होतंय. तुम्ही या. माल बघा, व्यापाऱ्याशी भांडा. तुमच्याशिवाय तो माझं ऐकत नाही. जेवून जा."

जयवंत जिन्याच्या पायरीवर थांबला. खाली प्रमोदची गाडी उभी होती, किल्ली तिलाच लावलेली. बॅग भरलेलीच होती. परवा दुपारी तो तिथं असता, बांधावर, तिच्यापासून दोन ओळींवर. त्या दोन दिवसांत तिच्या फुप्फुसात काय झालं असतं, हे त्याला कळणारही नव्हतं. कदाचित काहीच नाही. कदाचित एखाद्या रेघेनं पुन्हा तोंड वळवलं असतं.

"येताय ना?"

"नको," तो म्हणाला. "चालू ठेव."

"अहो, दोनच दिवस."

"चालू ठेव, उज्ज्वला. एक ताससुद्धा बंद करू नकोस. व्यापाऱ्याला माझा फोन दे, इथूनच भांडतो मी."

तिच्याकडे मजुरांचे आवाज येत होते, कोणीतरी क्रेट मोजत होतं. मग ती म्हणाली, "द्राक्षं पाठवते. हेमाला दे, तू खाऊ नकोस." इतक्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच तू म्हणाली होती. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. फोन बंद झाला.

जयवंत थोडा वेळ पायरीवर बसला. मग खाली स्वयंपाकघरात गेला. दाराशी घसा न खाकरता आत गेला.

"वहिनी."

हेमा कणीक मळत होती. तिनं वळून पाहिलं.

"वरच्या खोलीत एखादं कपाट मिळेल का? कपडे ठेवायचेत."